एका ‘वाता’खाली किती आजार? चिकोडी-निपाणी भागातल्या सांधेदुखीचा इतिहास

प्लेग, पटकी, देवी या साथींचा इतिहास लिहिणं त्यामानानं सोपं. माणूस दगावला की दप्तरात नोंद होते. सांधेदुखीनं सहसा कोणी दगावत नाही. माणूस जगतो, फक्त त्याचं उठणं-बसणं अवघड होतं. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा आजार चिकोडी तालुक्याच्या कागदपत्रांत जवळजवळ दिसतच नाही. तो सापडतो बोलण्यात. ‘गुडघं धरल्यात’, ‘बोटं वळंनात’, ‘अंगात वात भरलाय’. शेजारचा कन्नड बोलणारा ‘कीलु नोवु’ म्हणतो. कीलु म्हणजे सांधा. पण कारण विचारलं की तोही ‘वात’ यावरच येतो. भाषेचा वाद कितीही असो, या शब्दावर सीमाभागाचं एकमत आहे.

मला या लेखात एवढंच मांडायचं आहे की, ‘वात’ हा शब्द जुना असला तरी सगळी सांधेदुखी एकाच नावाखाली घालायची सवय जुन्या ग्रंथांतली नाही. ती नंतरची, आपली आहे. आणि तिची किंमत आपल्या भागातली माणसं, त्यातही बायका, आजही मोजताहेत.

आधी ग्रंथ बघू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधीचा अध्याय वेगळा आणि वातरक्ताचा वेगळा आहे. वातरक्ताला तिथं ‘आढ्यवात’ असंही नाव आहे. आढ्य म्हणजे धनवान. आज आपण ज्याला गाऊट म्हणतो त्याच्याशी हे वर्णन बरंच जुळतं. पुढं माधवनिदानात ‘आमवात’ हा स्वतंत्र अध्याय येतो. सुजलेले सांधे, ताप, अन्नावरची वासना जाणं आणि विंचू चावल्यासारखी वेदना अशी त्याची लक्षणं दिली आहेत. अकराव्या शतकातल्या चक्रदत्तात आमवाताची चिकित्सा सविस्तर येते. आपल्या आज्या एरंडेल, निर्गुडीचा पाला, गुग्गुळ वापरत आल्या, त्याचा धागा या परंपरेतला आहे. म्हणजे जुना वैद्य ‘वात’ म्हणून थांबत नव्हता. कुठला वात, हे तो विचारत होता.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. तिकडं ‘रुमॅटिझम’ या एका पोत्यात सगळं कोंबलेलं होतं. लांद्रे-बोव्हे या फ्रेंच डॉक्टरनं १८०० साली आपल्या प्रबंधात गाऊटपेक्षा वेगळा दिसणारा एक सांध्यांचा आजार वर्णिला. लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी १८४८ साली गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक आम्ल वाढलेलं असतं हे दाखवलं आणि १८५९ साली त्या दुसऱ्या आजाराला ‘रुमॅटॉइड आर्थरायटिस’ हे नाव सुचवलं.

हे नवं वैद्यक आपल्या जवळ आलं ते मिरजेत. डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली सुरू झालं, पाठोपाठ १८९७ साली वैद्यकीय शाळाही निघाली. चिकोडी रोड स्टेशन मिरज-बेळगाव मार्गावरच असल्यामुळं मिरज आपल्याला कधी लांब वाटली नाही. ‘मिरजेला न्या’ हा आमच्याकडचा वाक्प्रचारच झाला. पण मिरजेला नेत ते मोतीबिंदू, मुतखडा, अडलेलं बाळंतपण. वातासाठी कोण जाणार? त्याला घरचं तेल होतं, गरम विटेचा शेक होता आणि सोसणं होतं.

यात आपल्या भागाची एक खास बाजू आहे, ती म्हणजे तंबाखू. निपाणीचं १९८१ चं शेतकरी आंदोलन आपल्या वाचकांना माहीत आहेच. त्याच काळात वखारीतल्या बायका आणि विडी कामगार बायका प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं संघटित होत होत्या. युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट-गटानं १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ओब आली’ हा माहितीपट इथंच, या कामगार बायकांना घेऊन केला. तो लढा मजुरीचा, वागणुकीचा होता. त्या बायकांचे हात हा विषय मात्र मागं राहिला.

विडीचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मांडीवर सूप, मांडी घालून दिवसभर बैठक. पान कापायचं, तंबाखू भरायची, चिमटीत वळायचं, तोंड दाबायचं, दोरा बांधायचा. दर हजारावर मजुरी, म्हणून हात थांबवायची सोय नाही. अशा हातांत अंगठ्याचं मूळ दुखणं, मनगट भरून येणं, मान-कंबर धरणं हे कामाचं दुखणं. ते संध्याकाळी वाढतं, सुट्टीच्या दिवशी कमी होतं. आमवाताचं, म्हणजे रुमॅटॉइडचं, बरोबर उलट. सकाळी उठताना दोन्ही हातांची बोटं लाकडासारखी ताठ, तास-तासभर मोकळी होत नाहीत, पेरांजवळ सूज, आणि विश्रांतीनं उलट जास्त ताठरपणा. हा आजार बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट होतो. पण विडी वळणारी बाई ‘बोटं दुखतात’ म्हणाली की उत्तर ठरलेलं, ‘काम तसलंच आहे, दुखणारच.’ कामाच्या दुखण्याआड आमवात बेमालूम लपतो.

मग आलं २००६ साल. चिकुनगुनिया. हे नाव पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं, अर्थ साधारण ‘वाकवून टाकणारा’. १९५२-५३ साली तत्कालीन टांगानिकातल्या साथीत हा आजार ओळखला गेला. भारतात तो १९६३ साली कलकत्त्यात आणि १९७३ साली आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत येऊन गेला होता, पुढं तीसेक वर्षं विस्मरणात गेला. २००५ च्या अखेरीस परतला तो जोरात. २००६ मध्ये देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यात साडेसात लाखांच्या वर एकट्या कर्नाटकातले, सगळ्या राज्यांत जास्त. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं तपासलं तेव्हा हा विषाणू पूर्वीचा आशियाई नव्हे तर आफ्रिकी वाणाचा निघाला.

आमच्याकडं त्या वर्षी गल्लीच्या गल्ली भिंत धरून चालत होती. त्याच फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता. त्यात या नावात ‘चिकन’ ऐकू येई, म्हणून कित्येकांनी कोंबडी खाणं सोडलं. डास मात्र घरातच होता. नळाला चार-चार दिवसांनी पाणी, म्हणून भरून ठेवलेले हौद, बॅरल, रांजण. एडिस डास वाढतो तो अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात, आणि चावतो दिवसा.

ताप आठवड्यात उतरला. सांधे बहुतेकांचे काही आठवड्यांत, काहींचे महिन्यांनी सुटले. थोड्यांचे वर्ष-दोन वर्षं राहिले. पण भाषेत एक बदल कायमचा झाला. आता दुखऱ्या सांध्याला नवं कारण मिळालं, ‘चिकनगुन्या होऊन गेलाय ना, त्याचाच वात.’ दहा वर्षांनी सुरू झालेल्या दुखण्यालाही हेच उत्तर ऐकलंय मी. जुन्या पोत्यावर नवी चिठ्ठी लागली, एवढंच.

पोतं सोडून मोजायचं काम पुणे जिल्ह्यात झालं. इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोपडा यांच्या पथकानं १९९६ पासून घरोघर जाऊन सांध्यांची पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांत सुमारे १८ टक्के लोकांना हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं. त्यात रुमॅटॉइड साधारण दर दोनशे प्रौढांत एकाला. आकडा लहान वाटतो. पण चार हजार प्रौढांच्या गावात ती वीस माणसं झाली, आणि गावाच्या लेखी ती सगळी ‘वाताची’.

त्या वीस जणांसाठी हा फरक शब्दांचा नाही. रुमॅटॉइडमध्ये पहिल्या एक-दोन वर्षांतच सांध्याची झीज सुरू होते, आणि वाकडं झालेलं बोट औषधानं सरळ होत नाही. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन वापरलं, खिळलेले रुग्ण चालू लागले, १९५० साली नोबेल मिळालं. पण स्टेरॉइडचे तोटे लवकरच कळले. विनानावाच्या पुडीनं दोन दिवसांत सांधे सुटले तर त्यात स्टेरॉइड असल्याची शंका घ्यावी. आजार खरा आवरला तो मेथोट्रेक्सेटनं. लेडर्ली कंपनीत भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या पथकानं फॉलिक आम्लाला अडवणाऱ्या औषधांवर जे काम केलं, त्यातून हे औषध आलं. आधी ते कर्करोगासाठी वापरलं गेलं. लहान मात्रेत सांध्यांसाठी त्याला अमेरिकेत १९८८ साली मान्यता मिळाली. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. म्हणून तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय नकोच. पण वेळेत सुरू झालं तर बोटं वाचतात. हे आपल्या आज्यांच्या वेळी नव्हतं, आज आहे.

आपल्या मंडळाचे सदस्य मौखिक इतिहासासाठी गावोगाव फिरतात. वखारीच्या, विड्यांच्या, पुराच्या आठवणी टिपतात. माझी सूचना अशी, की समोरची मावशी ‘वात हाय’ म्हणाली की वही मिटू नये. तीन प्रश्न विचारावेत : सकाळी जास्त की संध्याकाळी? एका हाताला की दोन्ही? सूज किती दिवस टिकते? सांधेदुखीचा जो इतिहास दप्तरात नाही तो अशा उत्तरांतून उभा राहील. आणि उत्तर ‘सकाळी, दोन्ही हातांना, दीड महिना झाला’ असं आलं, तर नोंद पूर्ण करायच्या आधी मावशीला संधिवाताच्या डॉक्टरकडं धाडावं.