मेण, बोळा आणि तळहात

गाडीला वॅक्स हाताने लावावे की पॅडने, या वादात हाताची बाजू घेणारे बहुतेकदा परंपरेचा दाखला देतात. जुने कारागीर डब्यातले घट्ट मेण तळहातावर घेत, हाताच्या उबेने मऊ करत आणि बोटांनी पत्र्यावर पसरवत. फोमचे गोल पॅड ही नंतरच्या घाईतून आलेली सोय, असे ते सांगतात. माझ्या मते इतिहास याच्या नेमका उलट आहे. मोटार यायच्या कितीतरी आधीपासून चकाकी आणणाऱ्याच्या हातात फडके नाहीतर बोळा होता. उघड्या तळहाताने मेण लावण्याची रीत रुजली ती बरीच अलीकडे, महागड्या मेणांच्या सोबतीने.

मोटारीचे मेण ज्या धंद्यांतून आले ते पाहिले की हे स्पष्ट होते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या रॅसीन गावी सॅम्युअल जॉन्सन यांनी 1886 साली लाकडी फरश्यांचा धंदा सुरू केला. या फरश्या राखायच्या कशा, असे गिऱ्हाईक विचारू लागले तेव्हा त्यांनी मेण विकायला काढले, आणि पुढे तेच नाव मोटारीच्या मेणाच्या डब्यांवरही आले. फरशीचे मेण फडक्यानेच लावले जाई. फर्निचरचे फ्रेंच पॉलिश आपल्याकडेही परिचयाचे आहे: चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, सुती फडक्यात कापूस बांधून बोळा करायचा आणि त्याने थरावर थर चढवायचे. बोळा पातळ पॉलिश धरून ठेवतो आणि दाबाच्या प्रमाणात सोडतो. घोडागाड्या रंगवणारे व्हार्निश ब्रशने चढवत आणि प्युमिसची पूड नमद्याच्या तुकड्याने घासून ते सपाट करत. हात आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये काहीतरी असावे, हे या सगळ्यांना ठाऊक होते. कारण साधे आहे. बोटांची टोके ठिकठिकाणी दाबतात, सारखी दाबत नाहीत. डेंटिंग-पेंटिंगच्या कोणत्याही गॅरेजमध्ये सपाट भागावर पॉलिश पेपर घासताना त्यामागे रबराचा ब्लॉक धरतात तो याचसाठी, नाहीतर रंगात बोटांच्या रेघा उमटतात.

मोटारीच्या पहिल्या काही दशकांत तर फडक्यावाचून गत्यंतरच नव्हते. सुरुवातीच्या गाड्यांना तेलकट व्हार्निश असे, आणि त्याचे सगळे हात वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. ड्यूपाँ कंपनीचा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज लॅकर 1924 च्या ओकलंड मोटारींवर आला, आणि रंगकामाचे आठवडे दिवसांवर, पुढे तासांवर आले. पण जुने व्हार्निश असो की नवे लॅकर, ऊनपावसाने वरचा थर मरे, फिका पडे, त्याची भुकटी होई. म्हणून त्या काळातले खरे काम मेण लावण्याचे नव्हतेच. ते मेलेला थर काढण्याचे होते. शिकागोच्या सिमोनाइझने त्यासाठी दोन वेगळे डबे विकले, एक क्लीनरचा आणि दुसरा मेणाचा. क्लीनर घासला की गाडीचा रंग फडक्यावर उतरे, आणि घडी किती मळली यावरून घासणाऱ्याला काम किती झाले ते कळे. मग तो स्वच्छ घडी पुढे करी. तळहाताला अशी पालटायला घडी नसते. मला हा पुरावा सर्वांत वजनदार वाटतो, कारण इथे फडके हे साधन होते आणि मोजमापही होते.

हाताच्या बाजूचा मोठा आधार म्हणजे ऊब. चांगल्या मेणात कार्नौबा असते आणि ते तळहातावर वितळते, असे म्हणतात. कार्नौबा हे ब्राझीलच्या ईशान्येकडच्या सिआरा, पियावी या भागांतल्या ताडजातीच्या झाडाचे मेण. कोरड्या हवेत पानातले पाणी उडू नये म्हणून झाड ते पानावर धरते. लांब काठीला विळा बांधून मजूर पाने कापतात, उन्हात वाळवतात आणि झोडपून पूड झाडतात. (हाताच्या कामाचा गौरव करायचा तर या हातांपासून सुरुवात करायला हवी, तिथल्या सरकारी तपासणीत या कामावरचे मजूर वेठबिगारीसारख्या स्थितीत आढळले आहेत.) कार्नौबा 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळते, आणि तळहाताची कातडी पस्तिशीच्या आतच असते. म्हणजे हातावर मऊ होते ते कार्नौबा नव्हे. त्यात मिसळलेली तेले आणि द्रावके ते मिश्रण मऊ करतात. यावर कोणी म्हणेल की काही मिश्रणे मुद्दामच हाताच्या उबेला मऊ व्हावीत अशी बनवलेली असतात. ते खरे आहे, आणि डब्यातून मेण उचलायला ऊब उपयोगी पडते हेही मान्य. पण पत्र्यावर गेल्यावर प्रश्न उरतो थर पातळ आणि सारखा बसण्याचा. वॅक्सच्या डब्यांवर मेण सावलीत, थंड पत्र्यावर लावा अशी सूचना सर्रास असते, कारण तापलेल्या पत्र्यावर द्रावक आधीच उडून जाते आणि डाग धरतात. पत्र्यावर उबेने मेण चांगले बसत असते, तर विदर्भातल्या मे महिन्याइतकी योग्य वेळ दुसरी नसती.

मग हात या कामात शिरला कधी? दुसऱ्या महायुद्धानंतर मेणात सिलिकोन आले आणि घासण्याचे कष्ट कमी झाले. पॉलियुरेथेनचा शोध ओटो बायर यांनी जर्मनीत 1937 साली लावला होता. त्याचा मऊ फोम पन्नाशीच्या दशकात बाजारात आला आणि पुढे त्याचेच पॅड झाले. ऐंशीच्या दशकात रंगावर पारदर्शक क्लिअर कोट सर्रास आला. आता भुकटी झालेला रंग खरवडण्याची गरज उरली नाही, नुसता पातळ थर पसरायचा राहिला. याच सुमारास कार्नौबाचे प्रमाण जास्त असलेली किमती मेणे आली, आणि झायमोल, स्विसव्हॅक्स यांसारख्या कंपन्यांनी ती हाताने लावण्याचा सल्ला दिला. यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. प्रदर्शनात उभी राहणारी गाडी ज्याला आवडते, त्याला तिच्या अंगावरून हात फिरवण्यात खरोखर आनंद मिळतो. पण तो आनंद आजचा आहे, वारशाने आलेला नाही.

हाताचे समर्थक दोन गोष्टी आणखी सांगतात, आणि दोन्हींत तथ्य आहे. फोम मेण शोषून वाया घालवतो, ही पहिली. ओलसर केलेला पॅड कमी शोषतो. तरी थोडे मेण त्यात राहतेच, आणि शंभर ग्रॅमला हजारो रुपये मोजणाऱ्याला ते बोचणारच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: उघड्या बोटांना रंगावरचा खडा लगेच कळतो, पॅड मात्र तो ओढत नेतो आणि रेघ पाडतो. पण खडा कळायला हवा मेण लावण्याआधी. धुतलेल्या गाडीवर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवला तर चिकटलेले कण नुसत्या बोटांपेक्षाही स्पष्ट लागतात, आणि ते क्ले बारने, म्हणजे मातीसारख्या मऊ वडीने, निघतात. मेण हातात घेतल्यावर खडा सापडला, तर तो बोटाखालीही तितकाच ओरखडा काढतो. शिवाय पेस्ट मेणांतली पेट्रोलियमची द्रावके कातडीचे तेल काढून घेतात. वर्षातून दोनदा स्वतःच्या गाडीला हात लावणाऱ्याला ते जाणवणार नाही. रोज चार गाड्या करणाऱ्या कामगाराच्या बोटांना मात्र भेगा पडतात, म्हणून त्याने हातमोजा घालायला हवा. आणि हातमोजा चढला की बोटे जे पसरवत असतात ते तळहाताने नव्हे, रबराने.