ताकाला जाऊन भांडं

गेल्या वर्षी पुण्यातल्या आमच्या कंपनीत हेल्थ चेकअप झालं आणि माझं बी-12 फारच कमी निघालं. पायांना मुंग्या यायच्या, पण त्याचं खापर मी ऑफिसच्या खुर्चीवर फोडलं होतं. "दूध-दही किती घेता?" डॉक्टरांनी विचारलं. "चहातलं," मी म्हणालो. बी-12 वनस्पतींतून मिळत नाही, त्यामुळे शाकाहारी माणसाला दूधदुभत्याचाच आधार. मी काही एकटा नव्हतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांचा 2006 सालचा अभ्यास आहे. त्यात पुणे परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांपैकी 67 टक्क्यांचं बी-12 कमी होतं.

हे फोनवर सांगितलं तर आजी म्हणाली, "तुह्या बापाले तं ताकावरच वाढवलं म्या."

आमचं गाव रिसोड तालुक्यात. वाशिम जिल्हा झाला 1998 साली. आजी सांगते त्या काळी आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. घरी दोन म्हशी. पहाटे रवी घुसळायची, लोणी कढवून तूप करायचं आणि ते बाजाराच्या दिवशी विकायचं. ताक मात्र विकायचं नाही. त्याचे पैसे घेणं कमीपणाचं. ज्यांच्या दारी जनावर नाही, त्यांची पोरं गडवा घेऊन यायची. ज्वारीच्या कण्यांवर ताक ओतलं की जेवण झालं. 'ताकाला जाऊन भांडं लपवणं' ही म्हण या रिवाजातून आली. फुकट मागायची लाजही तिच्यात आहे.

"सगळ्यांना सारखंच मिळायचं का?" मी विचारलं. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, काहींच्या भांड्यात वरून ओतायचो. म्हणजे ताक फुकट होतं, पण जात त्यातूनही सुटली नव्हती.

आता दुधाचा हिशेब पाहा. घुसळल्यावर लोण्यात जाते ती मुख्यतः चरबी. प्रथिनं, कॅल्शियम आणि बी-12 चा बराच भाग ताकात राहतो. विरजणामुळे दुधातली साखर थोडी कमी होते, म्हणून दूध न पचणाऱ्यालाही ताक सोसतं. म्हणजे तूप बाजारात जायचं आणि पोषणाचा मोठा वाटा गावातच राहायचा.

हे प्रयोगानेही दिसलं आहे. 1930 च्या दशकात कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेतल्या एक्रॉइड आणि कृष्णन यांनी मुलांच्या रोजच्या गरीब आहाराला साय काढलेल्या दुधाच्या पावडरीची जोड दिली. त्या मुलांची उंची आणि वजन इतरांपेक्षा जास्त वाढलं. त्यांनी सोयाबीनही तपासलं होतं. त्याला दुधाची सर आली नाही.

हे वाचून मी थबकलो, कारण आज आमच्या शिवारात नजर जाईल तिथे सोयाबीनच आहे. ते विकायला पिकवतात, ताटात क्वचितच येतं. ज्वारी गेली तसा कडबा गेला. ट्रॅक्टर आला आणि गोठे रिकामे झाले. आमची शेवटची म्हैस माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी विकली. तक्रार करायचा मला हक्क नाही.

ज्यांच्याकडे जनावरं उरली, ते दूध संकलन केंद्रावर घालतात. तिथे भाव ठरतो फॅट आणि एसएनएफवर. एसएनएफ म्हणजे चरबी सोडून दुधात उरणारे घन पदार्थ: प्रथिनं, साखर, खनिजं. थोडक्यात, ताकात राहायचं तेच. पूर्वी त्याला किंमत नव्हती म्हणून ते गावात राहत होतं. आता किंमत आली, तर ते कॅनमध्ये बसून शहरात जातं. शेतकऱ्याला पैसा मिळतो, तो मिळायलाच हवा. पण त्या पैशातून शेजारच्या घराचा गडवा भरत नाही.

माझं बी-12 इंजेक्शनांनी सुधारलं. माझ्याकडे पगार होता, तपासणी होती. गावात ज्यांच्या घरी तेव्हाही म्हैस नव्हती आणि आजही नाही, त्यांच्या पोरांचं बी-12 कोण मोजतं? त्यांना भांडं लपवायचीही गरज उरली नाही. ताकाला जायला आता दारच नाही.