एकट्या कुत्र्याचा अपराध : एका कारणमीमांसेचा इतिहास

धनी घराबाहेर पडावा आणि परतल्यावर पादत्राणे कुरतडलेली, उश्या फाडलेल्या, दाराची चौकट दातांनी ओरबाडलेली दिसावी, हा अनुभव कुत्रा पाळणाऱ्यांना नवा नाही. वरवर पाहता हा विषय गृहव्यवस्थेचा वाटतो, इतिहासाचा नव्हे. परंतु या वर्तनाला आळा कसा घालावा, या प्रश्नाला निरनिराळ्या काळी मिळालेली उत्तरे एकत्र ठेवली, तर एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. घटना तीच राहिली आहे; तिचे कारण म्हणून जे सांगितले गेले ते मात्र बदलत गेले, आणि कारणाबरोबर उपायही बदलला.

प्राचीन ग्रंथांतील कुत्रा प्रामुख्याने राखणीचा किंवा शिकारीचा आहे. रोमन लेखक केटो (इ. स. पू. २३४–१४९) याने आपल्या कृषिग्रंथात कुत्र्यांना दिवसा कोंडून ठेवण्याचा सल्ला दिला, हेतू हा की, रात्री ती अधिक तिखट व जागरूक राहावीत. येथे एकांत हा दोषाचे कारण नसून गुण वाढविण्याचे साधन आहे. याच्या उलट, अलेक्झांडरचा चरित्रकार म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेला अ‍ॅरियन (इ. स. दुसरे शतक) याने मृगयेवरील आपल्या ग्रंथात शिकारी कुत्र्याने माणसाच्या सोबतीने झोपावे असे सुचविले, कारण त्यामुळे त्याला माणसाचा लळा लागतो. स्वतःच्या लाडक्या कुत्रीचे त्याने केलेले वर्णन या दृष्टीने वाचनीय आहे. भारतीय परंपरेत, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (बाराव्या शतकाचा पूर्वार्ध) याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘सारमेयविनोद’ या नावाने श्वानांविषयी स्वतंत्र विवेचन आले आहे. तेही राजाच्या मृगयाविनोदाच्या संदर्भात. महाराष्ट्रातील खेड्यांतही कुत्रा ओसरीवर, खळ्यावर किंवा धनगराच्या कळपाबरोबर वावरत आला. बंद दाराआड तासन् तास एकटे राहण्याचा प्रसंग त्याच्यावर सहसा येत नसे. सारांश, ज्या दोषाचा येथे विचार चालला आहे, तो दोष म्हणून ठळक होण्यास कुत्र्याचे घरात येणे आणि घराचे दिवसभर रिकामे होणे, या दोन्ही गोष्टी घडणे आवश्यक होते.

एकोणिसाव्या शतकापासून श्वानशिक्षणाचे स्वतंत्र वाङ्मय विपुल होऊ लागले. ले. कर्नल डब्ल्यू. एन. हचिन्सन यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक १८४८ मध्ये प्रसिद्ध झाले. हचिन्सन स्वतः तुलनेने सौम्य पद्धतीचे पुरस्कर्ते होते. तरीही पुस्तकाच्या नावात शिकविण्याला ‘मोडणे’ हाच तत्कालीन रूढ शब्द होता, हे लक्षणीय आहे. १९१० मध्ये जर्मन पोलीस-अधिकारी कोनराड मोस्ट यांचा श्वानप्रशिक्षणावरील ग्रंथ निघाला. मोस्ट यांच्या पद्धतीत सक्तीला मोठे स्थान होते. पण कुत्र्यावर मानवी नीतिकल्पना लादणे ही मूलभूत चूक आहे, असेही त्यांचे प्रतिपादन होते. दंड द्यावयाचा तर तो कृती चालू असतानाच दिला पाहिजे, हा निष्कर्ष त्यातून ओघानेच येतो. घरोघरची रीत मात्र वेगळीच राहिली. संध्याकाळी धन्याने यावे, फाटका जोडा कुत्र्याच्या नाकासमोर धरावा आणि त्याला मारावे, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. कुत्र्याला आपला अपराध आठवतो, ही त्यामागील श्रद्धा होती.

या श्रद्धेची परीक्षा प्रयोगशाळेत झाली. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरे व कुत्री यांवरील प्रयोगांतून, कृती आणि तिचे फल यांच्या सान्निध्यावर शिक्षण अवलंबून असते, या विचाराचा पाया घातला. पाव्हलोव्ह यांच्या संशोधनाने सहचर्याचा नियम सर्वश्रुत केला. परंतु प्रस्तुत प्रश्नाशी सर्वांत निकटचा प्रयोग रिचर्ड सॉलोमन व त्यांचे सहकारी यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. कुत्र्याच्या पिलांसमोर आवडते मांस आणि साधे कोरडे खाद्य ठेवले जाई. मांसाला तोंड लावताच काही पिलांना वर्तमानपत्राच्या गुंडाळीचा फटका मिळे. काहींना तो पाच, तर काहींना पंधरा सेकंदांनी मिळे. पुढे प्रयोगकर्ता खोलीत नसताना या भुकेल्या पिलांची परीक्षा घेतली गेली. तत्काळ दंड मिळालेल्या पिलांनी सरासरीने सुमारे सोळा दिवस मांस वर्ज्य मानले. पाच सेकंदांच्या विलंबाने दंड मिळालेल्यांनी सुमारे आठ दिवस. पंधरा सेकंदांच्या विलंबाने दंड मिळालेल्यांनी केवळ तीन मिनिटे. पंधरा सेकंदांच्या विलंबाने जर दंडाचे सामर्थ्य इतके क्षीण होते, तर पाच-सहा तासांनंतरच्या मारापासून कुत्रा काय शिकणार? तो शिकतो ते एवढेच की, धन्याचे घरी येणे भयावह असते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कुत्र्याला काही कळत नसेल, तर धनी आल्यावर तो कान पाडून, शेपूट आत घेऊन कोपऱ्यात का बसतो? १९७७ मध्ये पीटर व्होल्मर यांनी या आक्षेपाची साधी पण मार्मिक परीक्षा नोंदविली. कुत्र्याच्या गैरहजेरीत स्वतः धनिणीनेच कागद फाडून ठेवले. तरीही कुत्र्याने तीच ‘अपराधी’ मुद्रा धारण केली. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये चौदा कुत्र्यांवरील अभ्यासातून दाखविले की, ही मुद्रा कुत्र्याने आज्ञा मोडली होती की नाही यावर नव्हे, तर धनी रागावतो की नाही यावर अवलंबून असते. इतिहासाच्या अभ्यासकाला यातील तत्त्व अपरिचित नाही. दरडावून घेतलेल्या जबानीत साक्षीदाराच्या कृत्यापेक्षा विचारणाऱ्याच्या अपेक्षेचेच प्रतिबिंब पडलेले असते.

दंडाचा पक्ष असा दुर्बळ होत असतानाच कारणमीमांसेची दुसरी धारा पुष्ट होत होती. कोन्राड लोरेन्झ यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या श्वानविषयक पुस्तकात स्टासी या कुत्रीची हकीकत दिली आहे. १९४० मध्ये लोरेन्झ अध्यापनासाठी दूर गेल्यानंतर ती आज्ञाधारक कुत्री अनावर झाली आणि कोंबड्यांवर तुटून पडू लागली. १९६१ मध्ये एलियट व स्कॉट यांनी पिलांना एकटे ठेवल्यावर उद्भवणाऱ्या व्याकुळतेचे पद्धतशीर मापन केले, आणि १९६५ मध्ये स्कॉट व फुलर यांच्या ग्रंथाने पिलाच्या आयुष्यातील साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या काळाचे समाजीकरणाच्या दृष्टीने महत्त्व प्रस्थापित केले. १९८२ मध्ये बॉर्चेल्ट व व्हॉइथ यांनी विरहजन्य वर्तनविकारांचे निदान व उपचार यांची मांडणी केली. ज्याला अपराध म्हटले जाई, त्याला आता लक्षण म्हटले जाऊ लागले.

मात्र प्रत्येक कुरतडण्यामागे विरहव्यथाच असते असे मानणे ही नवी चूक ठरेल. पिलाचे अठ्ठावीस दुधाचे दात जाऊन बेचाळीस कायमचे दात येतात, त्या काळात चावणे ही शरीराचीच गरज असते. व्यायामाच्या अभावी कंटाळलेला तरुण कुत्रा हाती लागेल ते फाडतो. पण तो धन्याच्या उपस्थितीतही संधी साधतो. विरहाने ग्रासलेल्या कुत्र्याची नासधूस धनी गेल्यावर अल्पावधीतच सुरू होते, बहुधा दारे-खिडक्यांपाशी होते आणि तिच्या जोडीला रडणे, लाळ गळणे ही चिन्हे आढळतात. निदान भिन्न म्हणून उपायही भिन्न. पहिल्या दोन प्रकारांत मौल्यवान वस्तू आवाक्याबाहेर ठेवणे, भरपूर फिरविणे आणि चावण्यास योग्य वस्तू देणे पुरेसे ठरते. अमेरिकेतील जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ हा कुत्रा दगड चावून दात झिजवीत असे. १९७० नंतरच्या दशकात मोटारीचा एक रबरी भाग त्याच्या आवडीचा ठरला आणि त्यावरून पोकळ रबरी खेळण्याची कल्पना निघाली. आत खाद्य भरून ते देण्याची प्रथा आज सर्वत्र आहे.

विरहव्यथेसाठी जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये माणसांच्या भीतीवर सांगितलेली क्रमिक उपचारपद्धती उपयोगी पडली. किल्ल्या उचलून बाहेर न जाणे, मग क्षणभर जाणे, मग मिनिटभर, अशा पायऱ्यांनी कुत्र्याला अनुपस्थितीची सवय लावली जाते; व्याकुळता दिसताच मागची पायरी घ्यावी लागते. तीव्र प्रसंगी औषधांची जोड मिळते. अमेरिकेत क्लोमिप्रामीनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटीनला २००७ मध्ये या कारणासाठी मान्यता मिळाली. पण तीही शिक्षणाच्या जोडीनेच. भेदरलेल्या कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडल्यास तो सुटण्याच्या धडपडीत दात व नखे मोडून घेतो, हेही अनुभवसिद्ध आहे.

मुंबई-पुण्याच्या सदनिकांत, जेथे घरातील सर्व माणसे सकाळीच कामावर जातात, तेथे हा प्रश्न आज केवळ विद्वत्तेचा राहिलेला नाही. नासधुशीला कंटाळून कुत्रा दुसऱ्याला देऊन टाकणारी किंवा रस्त्यावर सोडणारी माणसे असतात, आणि त्या निर्णयाच्या मुळाशी पुष्कळदा तो ‘सूड उगवतो’ हीच समजूत असते. ही समजूत कुत्र्याच्या मुद्रेवरून बांधलेली आहे, आणि ती मुद्रा धन्याच्या रागातून निर्माण झालेली आहे. ज्या पुराव्यावर इतकी वर्षे शिक्षा ठोठावली गेली, तो न्यायाधीशानेच घडविलेला होता, हा या छोट्या इतिहासाचा निष्कर्ष होय.