अदृश्य व्याधींची प्रतिमा : प्रतिमा-संस्करणाच्या इतिहासातील दोन प्रयोग

प्रस्तावना

वैद्यक आणि कृषी ही क्षेत्रे वरकरणी भिन्न असली तरी दोहोंपुढील एक प्रश्न समान आहे : डोळ्यांना न दिसणारी व्याधी ओळखावी कशी? या प्रश्नाचे उत्तर प्रतिमेतून शोधण्याचे दोन महत्त्वाचे प्रयत्न १९७० च्या सुमारास झाले. एक लंडनमध्ये, तर दुसरा केरळमध्ये. प्रस्तुत लेखात या प्रयत्नांचा आढावा घेऊन प्रतिमेची विश्वासार्हता कशावर अवलंबून असते, याचा विचार केला आहे.

मेंदूची प्रतिमा

विल्हेल्म रॉन्टजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. तथापि, साध्या क्ष-किरणचित्रात मेंदूतील मृदू उती वेगवेगळ्या दिसत नसत. त्यामुळे मेंदूभोवतीचा द्रव काढून तेथे हवा भरण्याची वेदनादायक तपासणी रुग्णांना सोसावी लागे. अनेक दिशांनी घेतलेल्या मोजमापांवरून मूळ आकृती पुन्हा उभी करता येते, हे गणितज्ञ योहान राडोन यांनी १९१७ मध्येच सिद्ध केले होते. ॲलन कॉर्मॅक यांनी १९६३ व १९६४ मध्ये क्ष-किरणांच्या संदर्भात अशीच उकल प्रसिद्ध केली. परंतु तिची फारशी दखल घेतली गेली नाही.

शेतकरी कुटुंबात वाढलेले ब्रिटिश अभियंते गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांनी ईएमआय कंपनीत १९६७ पासून स्वतंत्रपणे हे कार्य हाती घेतले. त्यांच्या प्रायोगिक यंत्रास एका छेदाची सुमारे २८,००० मोजमापे घेण्यास नऊ दिवस लागत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. प्रतिमेत मेंदूतील गाठ दिसली आणि शस्त्रक्रियेत ती तशीच आढळली. १९७९ मध्ये कॉर्मॅक व हाऊन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

माडांची प्रतिमा

त्याच सुमारास केरळमधील नारळबागा मूळकुज-मर रोगाने ग्रासल्या होत्या. भारतीय दूरसंवेदनाचे जनक मानले जाणारे पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्त रंगीत फिल्मवर या बागांची छायाचित्रे घेण्यात आली. निरोगी पर्णसंभार निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतो व अशा फिल्मवर तांबडा उमटतो. रोगाने पानांची स्थिती पालटली की ही छटाही पालटते. पुढे १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए उपग्रह प्रक्षेपित झाला आणि भारतातील पिकांच्या पाहणीस स्वदेशी उपग्रहाचा आधार मिळाला.

पडताळणीचा प्रश्न

या उपग्रहाच्या लिस-१ संवेदकाचा एक चित्रघटक ७२.५ मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे अर्धा हेक्टर क्षेत्राचा होता. विदर्भातील कपाशीत तुरीचे आंतरपीक असलेल्या लहान शेताची त्यात सरमिसळ होणे अपरिहार्य होते. नंतरच्या उपग्रहांची विभेदनक्षमता वाढली; तरीही रंगछटेतील बदल रोगामुळे, पाण्याच्या ताणामुळे की पीक पक्व झाल्यामुळे, हे केवळ प्रतिमेवरून नेहमीच सांगता येत नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ च्या खरीप हंगामापासून उत्पादन-अंदाजात दूरसंवेदनाधारित पद्धतीचा समावेश झाला. त्यामुळे चुकीच्या वाचनाची किंमत थेट शेतकऱ्याला मोजावी लागू शकते.

निष्कर्ष

हाऊन्सफील्ड यांच्या मापनश्रेणीत पाण्याचे मूल्य शून्य व हवेचे उणे १००० मानले जाते. ज्ञात पदार्थांशी जोडल्यामुळेच त्या आकड्यांना अर्थ प्राप्त झाला, आणि शस्त्रक्रियेने त्या प्रतिमेची सत्यता पटवली. कृषिक्षेत्रात हेच स्थान बांधावरील पाहणीला आणि पीक कापणी प्रयोगाला आहे. प्रतिमा-संस्करण हे या प्रत्यक्ष निरीक्षणाचे पूरक साधन आहे, पर्याय नव्हे. हाच या दोन प्रयोगांच्या इतिहासाचा बोध म्हणता येईल.