द ब्लॅक हेलो (अल्बम)

द ब्लॅक हेलो हा कॅमेलॉट या अमेरिकन सिम्फनिक पॉवर मेटल बँडचा सातवा स्टुडिओ अल्बम असून तो मार्च २००५ मध्ये प्रकाशित झाला. जर्मन महाकवी ग्यॉटे यांच्या 'फाउस्ट' या नाट्यकाव्यावर स्वैरपणे आधारलेल्या एका सलग कथेचा हा उत्तरार्ध आहे. कथेचा पूर्वार्ध बँडच्या 'एपिका' (२००३) या अल्बममध्ये येतो. 'हेलो' म्हणजे ख्रिस्ती चित्रकलेत संतांच्या मस्तकाभोवती दाखवले जाणारे तेजोवलय. ते काळे असणे हा शब्दांतच विरोध आहे आणि नायकाची अवस्थाही तशीच आहे: सत्याच्या शोधात निघालेला, पण त्या वाटेवर एका जिवाच्या नाशाला कारण झालेला मनुष्य.

पार्श्वभूमी

कॅमेलॉट हा बँड फ्लोरिडा राज्यातील टॅम्पा येथील. गिटारवादक थॉमस यंगब्लड हे त्याचे संस्थापक सदस्य. नॉर्वेचे गायक रॉय खान १९९८ मध्ये बँडमध्ये आले आणि बँडचे स्वरूप पालटले. (त्यांचे 'खान' हे नाव 'खान्तातात' या मूळ आडनावाचे संक्षिप्त रूप आहे.) पहिल्या अल्बमांतील कॅमेलॉट त्या काळच्या अनेक वेगवान पॉवर मेटल बँडसारखाच वाटतो. खान आल्यावर मात्र गाण्यांत पात्रे, प्रसंग आणि संवाद यांना जागा मिळू लागली. यंगब्लड आणि खान यांनी मिळून रचलेली गीते, बासवर ग्लेन बॅरी आणि ड्रमवर केसी ग्रिलो हा संच या अल्बमच्या वेळी स्थिर झालेला होता. निर्मिती साशा पेट आणि मिरो या जर्मन जोडीने वोल्फ्सबुर्ग येथील गेट स्टुडिओत केली. युरोपीय सिम्फनिक मेटलमधील अनेक ध्वनिमुद्रणे याच स्टुडिओतून बाहेर पडलेली आहेत.

कथानक

'एपिका'मध्ये एरियल हा ज्ञानपिपासू विद्वान अंतिम सत्याच्या शोधासाठी आपली प्रेयसी हेलेना हिला सोडून निघतो. स्वर्गातून च्युत झालेला मेफिस्टो त्याच्याशी करार करतो. एरियलच्या सर्व इच्छा पुऱ्या होतील. मात्र ज्या क्षणी तो पूर्ण तृप्त होऊन काळाने येथेच थांबावे असे म्हणेल, त्या क्षणी त्याचा आत्मा मेफिस्टोचा होईल. एरियल आणि हेलेना पुन्हा भेटतात, पण तो तिला दुसऱ्यांदा सोडून जातो. गर्भवती हेलेना नदीत जीव देते.

'द ब्लॅक हेलो' सुरू होतो तो या मृत्यूच्या छायेत. "मार्च ऑफ मेफिस्टो"मध्ये सैतान आपल्या नव्या सेवकावर हुकमत गाजवतो. "द हॉन्टिंग"मध्ये एरियलला मार्गरीट नावाची स्त्री भेटते आणि तिच्यात त्याला हेलेनाच दिसते. "सोल सोसायटी" पापपुण्य व मरणोत्तर जीवन यांविषयीचे प्रश्न उभे करते, तर "अबॅन्डन्ड"मध्ये तो ईश्वरानेही आपल्याला टाकले असे मानू लागतो. "मेमेंटो मोरी" या सुमारे नऊ मिनिटांच्या गीतात मृत्यू समीप येतो आणि मेफिस्टो करारावर हक्क सांगतो. परंतु अखेर आत्मा त्याच्या हाती लागत नाही. त्यानंतर मध्यरात्रीचे बारा टोले आणि नवा दिवस यांचा निर्देश शीर्षकातच करणारे मध्यांतर येते व "सेरेनेड" या गीताने अल्बम संपतो.

मूळ नाटकाशी तुलना केल्यास एक फरक लक्षणीय ठरतो. ग्यॉटेच्या पहिल्या भागात नायकाच्या प्रेमामुळे उद्ध्वस्त होणारी तरुणी मार्गारेटे (लाडके नाव ग्रेटखेन) आहे आणि हेलेना ही ट्रॉयची पुराणप्रसिद्ध सुंदरी दुसऱ्या भागात येते. कॅमेलॉटने या नावांची जणू अदलाबदल केली आहे. येथे बळी जाते ती हेलेना, आणि मार्गरीट तिची केवळ प्रतिच्छाया ठरते. एरियल हे नावही ग्यॉटेमध्ये नायकाचे नसून दुसऱ्या भागाच्या आरंभी येणाऱ्या एका आत्म्याचे आहे. करार, अपराध आणि सुटका हा सांगाडा मात्र मूळचाच आहे. 'फाउस्ट'च्या पहिल्या भागाचा मराठी अनुवाद विंदा करंदीकर यांनी केलेला असल्याने मराठी वाचकास ही तुलना स्वतः करून पाहता येते.

संगीत व गायन

पॉवर मेटल म्हटले की दोन्ही पायांनी वाजवलेले वेगवान ड्रम आणि उंच पट्टीतील गायन डोळ्यांसमोर येते. या अल्बमचे पहिलेच गीत त्या अपेक्षेला छेद देते. "मार्च ऑफ मेफिस्टो"ची लय संथ, जड आणि लष्करी कवायतीसारखी आहे. वेगवान शैली लगेच पुढच्या "व्हेन द लाइट्स आर डाउन"मध्ये सापडते. या दोन्ही गीतांत स्ट्रॅटोव्हेरियस बँडचे येन्स योहान्सन यांचे कीबोर्डवादन आहे. वाद्यवृंदाची बाजू मिरो यांनी सांभाळली असून अमँडा समरव्हिल आणि थॉमस रेटके यांचे आवाज समूहगायनात आहेत.

अल्बमचे खरे बळ पात्रांच्या आवाजांत आहे. मेफिस्टोसाठी डिमू बोर्गिर या नॉर्वेजियन ब्लॅक मेटल बँडचे शाग्राथ यांचा खरखरीत, घशातून काढलेला आवाज योजला आहे. त्याच्यासमोर खान यांचा मऊ, नाट्यमय स्वर ठेवल्याने मोह आणि मोहित यांचे नाते शब्द न कळताही जाणवते. मार्गरीटचे गायन सिमोन सिमन्स या डच गायिकेचे, तर हेलेनाचे मारी यंगब्लड यांचे. खान स्वतः ओरडण्यापेक्षा कुजबुजीवर भर देतात. "अबॅन्डन्ड"मध्ये पियानोच्या साथीने सुरू होणारी त्यांची आळवणी हळूहळू चढत जाते. लॅटिन आणि इटालियन शीर्षकांची छोटी मध्यांतरे रंगमंचावरील दृश्यबदलासारखी येतात. ती स्वतंत्रपणे ऐकल्यास फारशी उरत नाहीत, हे मान्य करावे लागते.

प्रकाशनानंतर

"मार्च ऑफ मेफिस्टो" आणि "द हॉन्टिंग" या गीतांच्या चित्रफिती निघाल्या. पुढे कीबोर्डवादक ऑलिव्हर पालोटाई बँडमध्ये दाखल झाले आणि फेब्रुवारी २००६ मध्ये ऑस्लो येथे झालेल्या मैफलीचे ध्वनिचित्रमुद्रण 'वन कोल्ड विंटर्स नाइट' या नावाने प्रसिद्ध झाले. या अल्बममधील अनेक गीते त्यात आहेत. सिमन्स यांचा बँड एपिका याचे नाव कॅमेलॉटच्याच २००३ च्या अल्बमवरून घेतलेले आहे, हा योगही नोंदवण्याजोगा आहे. खान यांनी २०११ मध्ये कॅमेलॉट सोडला. त्यांच्या जागी आलेले स्वीडिश गायक टॉमी कारेविक यांचा आवाज २०१२ च्या 'सिल्व्हरथॉर्न'पासून बँडच्या अल्बमांवर ऐकू येतो.