इलिनॉय रेल्वे संग्रहालय

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इलिनॉय राज्यात, यूनियन या गावी असलेले व बव्हंशी स्वयंसेवकांच्या श्रमावर चालणारे संग्रहालय. जुन्या विद्युत् डब्यांच्या जीर्णोद्धारासाठी ते विशेष प्रसिद्ध आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात गावोगाव जोडणाऱ्या विद्युत् रूळमार्गांचे दाट जाळे होते. मोटारगाड्या व पक्के रस्ते वाढताच हे आंतरनागरी मार्ग झपाट्याने बंद पडले. लाकडी डबे जाळून उरलेले लोखंड व तांबे भंगारात विकण्याची प्रथा होती. काही डबे खोपट वा उपाहारगृह म्हणून शेतात, रस्त्याकडेला पडून राहिले आणि त्या उपेक्षेमुळेच वाचले.

१९५३ मध्ये दहा जणांनी प्रत्येकी १०० डॉलर काढून इंडियाना रेलरोडचा ६५ क्रमांकाचा, १९३१ साली बांधलेला डबा विकत घेतला व संस्थेचा पाया घातला. आरंभी डबे नॉर्थ शिकागो येथील एका ओतशाळेच्या आवारात उभे असत. १९६४ मध्ये ते यूनियन येथे हलविण्यात आले. येथील एल्जिन–बेल्व्हिडीअर हा विद्युत् मार्ग १९३० मध्येच बंद पडला होता. त्याच्या मोकळ्या पट्टीवर स्वयंसेवकांनी पुन्हा रूळ टाकले व १९६६ पासून प्रवासी फेऱ्या सुरू केल्या. दरम्यान शिकागोभोवतीचे उरलेले मोठे मार्गही गेले. शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन मार्गाची प्रवासी वाहतूक ३ जुलै १९५७ रोजी भर दुपारी थांबली. सकाळी त्याच गाडीने कामावर गेलेल्यांना परतीची गाडी मिळाली नाही. नॉर्थ शोअर मार्ग जानेवारी १९६३ मध्ये बंद झाला. त्याच्या १९४१ सालच्या दोन ‘इलेक्ट्रोलायनर’ गाड्या फिलाडेल्फियाला विकल्या गेल्या. त्यांपैकी एक पुढे या संग्रहालयात आली.

जीर्णोद्धाराचे काम मुख्यतः सुटीच्या दिवशी चालते व एकेका डब्यास कित्येक वर्षे लागतात. बाहेरून रंग सुस्थितीत दिसला, तरी तळाच्या तुळया पाणी मुरून कुजलेल्या निघतात. छपरावरील फळ्यांवर रंगाच्या थरात जाड कापड ताणून बसवावे लागते. विद्युत् चलित्रांच्या तारांचे वेष्टन जीर्ण झालेले असल्यास ती नव्याने गुंडाळतात. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. ते दुसऱ्या डब्यातून काढावे किंवा साचा करून ओतून घ्यावे लागतात. ही कारागिरी कोणत्याही शाळेत शिकविली जात नाही. पूर्वी या मार्गांवर नोकरी केलेल्यांकडून ती पहिल्या पिढीने उचलली. तो दुवा आता जवळजवळ संपला आहे, ही या कार्यातील सर्वांत गंभीर अडचण होय.

तुळया, फळ्या, कापड सर्व बदलल्यावर डबा मूळचा किती उरतो, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. तथापि उभ्या डब्यावरून नियंत्रकाची खटखट, संपीडकाचा आवाज वा वळणावरील हेलकावा कळत नाही, म्हणून डबे चालते ठेवण्याकडेच येथील कल आहे. त्यासाठी चाके व धारवे यांची झीज पत्करावी लागते. फेऱ्यांनंतर डबे रूळ असलेल्या बंदिस्त कोठारांत ठेवतात. पावसापासून बचाव झाला नाही, तर दहा वर्षांचे काम दोन-तीन हिवाळ्यांत वाया जाते; त्यामुळे कोठारे बांधण्यावर संस्थेला सतत मोठा खर्च करावा लागला आहे.