चंद्र हुकला, आभाळ उजळलं

१८ जून १९६२ रोजी, मध्यरात्रीच्या तोंडावर, न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स तळावरून एक एअरोबी रॉकेट झेपावलं. रिकार्डो जियाकोनी, हर्बर्ट गर्स्की, फ्रँक पाओलिनी आणि ब्रुनो रॉसी यांना चंद्रावरून येणारे क्ष-किरण मोजायचे होते. हे किरण पृथ्वीच्या वातावरणातून खाली पोचत नाहीत, म्हणून हा खटाटोप. मोजणीला वेळ मिळाला जेमतेम ३५० सेकंद. चंद्राचा मागमूस लागला नाही. वृश्चिक राशीत एक प्रखर स्रोत मात्र सापडला आणि उपकरण जिकडे वळावं तिकडे क्ष-किरणांची मंद प्रभा दिसली.

ही प्रभा कुणाची?

१९८५ साली रॉबर्ट अँटोनुची आणि जोसेफ मिलर एनजीसी १०६८ या दीर्घिकेतला ध्रुवित प्रकाश तपासत होते. तिच्या केंद्रात लपलेल्या झगमगत्या गाभ्याची खूण त्यांना मिळाली. अशा गाभ्यातल्या महाकाय कृष्णविवराभोवती वायू आणि धुळीचं मेदुवड्यासारखं कडं असतं. आपण त्याकडे आडवं पाहिलं की मधला उजेड झाकला जातो. १९८९ मध्ये जियानकार्लो सेट्टी आणि लोडेवाइक वोल्टयर यांनी धागा जोडला: आकाशभर पसरलेली ती प्रभा मुख्यतः अशाच झाकलेल्या केंद्रांची असावी.

पडद्याआडचं पाहण्याची युक्ती क्ष-किरणांच्या स्वभावातच आहे. कमी ऊर्जेचे किरण वायूत शोषले जातात, जास्त ऊर्जेचे आरपार येतात. पडदा फारच दाट असला तर त्यांनाही वाट मिळत नाही. मग कड्यावर आपटून परतलेले किरण आणि ६.४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला चमकणारी लोहाची रेषा यांवरून आतल्या भट्टीचा अंदाज घ्यावा लागतो. अशा केंद्रांना ‘कॉम्प्टन-थिक’ म्हणतात. किरण इलेक्ट्रॉनांवर आदळून कसे विखुरतात, हे १९२३ मध्ये उलगडणाऱ्या आर्थर कॉम्प्टन यांचं हे नाव. इतक्या दाट पडद्यात किमान इंचभर खोल पाण्याइतकं द्रव्य भरतं, पण ते अफाट अंतरावर पसरलेलं असतं.

१९९९ साली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ‘चंद्रा’ दुर्बीण अवकाशात गेली. तिच्या तीक्ष्ण नजरेला त्या प्रभेचा बराचसा भाग वेगवेगळ्या ठिपक्यांत सुटा करता आला. २०१२ मध्ये आलेली ‘नूस्टार’ ७९ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पाहते. ऑगस्ट २०१४ मध्ये तिला एनजीसी १०६८ कडून येणारे २० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचे किरण सुमारे एक तृतीयांशाने वाढलेले दिसले. कमी ऊर्जेच्या किरणांत तसा फरक नव्हता. ढगांच्या पडद्याला काही काळ फट पडली होती. पुढच्या फेब्रुवारीत ती वाढ ओसरलेली होती.

हुकलेल्या चंद्राचं चित्र ‘रोसॅट’ उपग्रहाने जून १९९० मध्ये टिपलं. त्याची उजळ बाजू सूर्याच्या क्ष-किरणांनी चमकते आहे. अंधारी बाजू मागच्या मंद प्रभेवर काळी उमटली आहे, कारण दूरच्या दीर्घिकांकडून येणारे किरण तिने अडवले होते.